लावला का उचलला

— तितं नगं बसू, दारासमूर. वाटनं जाणारं येणारं बघंल. इकडं या, कणगीच्या आडोशाला. खुर्ची न्हाय, घोंगडी हाय, आन् ह्या घोंगडीवर तुमी पयलं कधी बसलाव न्हाय असं न्हाय. हां. जीप कुठं ठिवली? फाट्यावर, गफारच्या हाटेलापुढं? मग झालंच कल्याण — गफारला ठावं म्हंजी दिस मावळायच्या आत समद्या गावाला ठावं. आं? लांब ठिवली? वड्यानं चालत आलाव? वड्याच्या पोटातनं, एवढ्या उन्हाचं? अगं बया बया! आमदार माणूस आन् चोरागत वड्यानं... न्हाय, आमदार आता कुठं म्हणा. राजीनामा दिल्यावर माणसाला काय म्हणत्यात — माजी. गफारच्या हाटेलात पेपर वाचून दावत्यात, माजी आमदार आबाराव. माजी म्हंजी काय, हुते पर आता न्हायती, असंच नव्हं? इचारती आपलं. आमाला काय कळतंय.

पाणी घ्या. घ्या की, भरल्या तांब्याला न्हाय म्हणू नये. दिवाळी आत्ता झाली आन् आडाला तळ लागलाय. हे म्या आन् बनाबाईनं बरडावरल्या हिरीवनं डोक्यावर आणलंय. सांडू नका तेवढं. काय म्हणलाव? 'तुमी' कशाला म्हणतीस अक्के? घ्या! तुमीच की शिकिवलं. निवडून आलाव, गुलालानं डोळं दिसंनात असं दारात आलाव, आन् म्या आतनंच वरडले — "आला गं माझा आबा! ये रे, वाकून ये, चौकट लागंल!" तवा कानाशी येऊन काय म्हणलाव? "अक्के, चार माणसांत तरी तुमी म्हणत जा." म्या हासले. म्हणलं खरंच की गं पुतळे, सरकारात बसणार तुझा भाऊ, त्याला आरंतुरं कसं करावं. जिभंला वळण लावाय म्हैनाभर गेला माझा. ज्वारी कांडता कांडता एकटी म्हणायची — आबा तुमी या, आबा तुमी जेवा. आता जीभ वळली तर तुमाला गोड लागंना व्हय? ऱ्हाऊ द्या. वळली ती वळली.

तर देवीची परडी काढ म्हणताव. उद्या मुंबईचं सायेब गावात येणार, सभा व्हणार, आन् सभंला पुतळाबाई आराधिणीनं परडी मदी ठिवून गावाला भंडारा उचलाय लावायचा — सायेबालाच मत. असंच नव्हं? मागल्या इलेक्शनला जसं तुमच्यासाठी लावलं तसं. आन् गावानं तुमाला आडवाय येशीत काट्याची बोराटी वढून ठिवलीय ती बी पुतळाबाईनंच काढायची. सोपं काम हाय. खरं सांगा, ही अक्कल तुमची का सायेबाची? सायेबाला काय ठावं परडी न् भंडारा. त्ये मुंबईचं, त्यांला मंत्री व्हायचंय, सा म्हैन्याच्या आत कुठनं तरी निवडून यावं लागतं म्हणं, न्हायतर मंत्रीपण जातंय. मग एक जागा रिकामी पायजे. मग तुमी उठलाव आन् म्हणलाव, माझी घ्या. गाडीत बाई माणसाला जागा द्यावी तशी दिलीव. गाडीतली जागा निदान सवताची असती. ही तुमची एकट्याची व्हती का?

थांबा, मदी बोलू नका. तुमी भाषणं लई केली, आता म्या बोलती.

भंडारा उचलणं म्हंजी काय, हे तुमाला सांगाय नगं. तुमचा जलमच ह्या मुलखातला. येडाईच्या जत्रंत, चैत्री पुनवेला, चुन्याचं खडं येचत वाढल्यालं लेकरू तुमी. परडीतला भंडारा, आईची हळद, मुठीत घ्यायचा, मूठ वर करायची, तोंडानं बोल बोलायचा — अमुक करीन, न्हाय केलं तर आई बघून घील — आन् मग मूठ परत परडीत सोडायची. ते झालं उचलणं. आन् बोटाचं शेंडं बुडवून कपाळाला लावायचं, त्ये झालं लावणं. लावणं कुणीबी लावतं. येता जाता लावतं, लेकरू शाळंत जाताना लावतं, चोर बी चोरीला जाताना लावतंय. लावल्यानं माणूस बांधत न्हाय. उचलल्यानं बांधतो. हे आमच्या गावात दुधाचं दात पडायच्या आदी कळतं.

त्या दिशी मारुतीच्या पारावर समदं गाव व्हतं. परडी माझ्या मांडीवर. एकेक जण आला, मूठ भरली, वर केली — "मत आबारावालाच." गफार आला. म्या म्हणलं गफार, तू कशाला, तुझी चाल येगळी, तू आपल्या दर्ग्याची आण घे. तर म्हणतो, "मावशी, पाणी काय येगळं पेणार का म्या? आण बी एकच घेतो." उचलला त्यानं. बनाबाई आली, तिच्या घरानं धम्म घेतलाय, ती न्हाय हात लावत परडीला. लांबनंच म्हणली, "आमी ह्यातनं सुटलाव पुतळाबाय. तोंडानं शब्द देती, त्यो घ्या." तुमी हासलाव तवा. म्हणलाव, तोंडाचा शब्द वाऱ्यावर जातो बनाबाई. आठवतंय? तिची सारी आळी आली मत द्यायाला, आंधळी म्हातारी सुदीक धरून आणली. तिचा वाऱ्यावर न्हाय गेला.

आन् मग शेवटाला तुमी. गावच म्हणलं, आमी बांधून घेतलं, आता आबानं बी बांधून घ्यावं. तुमी पुढं आलाव. केवढं बोललाव! "मायबाप हो, गायखोरीचा तलाव झाला न्हाय तर ह्या आबारावाला येशीच्या आत पाय ठिवू देऊ नका." लोकांनी टाळ्या पिटल्या. माझं डोळं मिटल्यालं. म्या आपली आईला म्हणत व्हते, आई गं, माझ्या भावाला यश दे, ह्याच्या हातनं पाणी येऊ दे. परडीला हात लागल्याला कळला मला, वजन हाललं तेवढं. डोळं उघडलं तर तुमच्या कपाळाला पिवळं. मागनं लोक इचारत व्हतं, तितनं दिसत न्हवतं त्यांला — "उचलला का? उचलला का गं आबानं?" आन् म्या वरडले. म्याच वरडले. "उचलला! उचलला!" हलगीवाल्यानं हलगी धरली.

काय, खाली काय बघताव? घोंगडीत काय न्हाय बघण्यासारकं.

लोक म्हणायचं, पुतळे, तुला सख्खा भाऊ न्हाय ते बरंच झालं, हा सख्ख्यावरचढ हाय. आन् व्हता की. दुष्काळात, गायखोरीच्या तलावाच्या भरावावर आमी माती वाहायचो — आठवतंय का त्ये? सुकडी खायाची आन् माती टाकायची. तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीनं पोट धरायचं, तरी टाकायची. तुमी तवा सोसायटीचं शिक्रेटरी, सायकलीवर यायचाव. माझ्या पायाला टोपल्याखाली दगूड लागला, नख उपटलं, तर तुमी धोतराचा सोगा फाडून बांधला. कुणी सांगितलं व्हतं? कुणी न्हाय. त्याच दिवाळीला भाऊबीज भरावावरच झाली. घरी जायाला कुणाला येळ? बायका म्हणल्या, पुतळाबाईला माहेर न्हाय, माय मेली, बाप मेला, दार पडलं. तवा तुमी म्हणलाव, "मला भण न्हाय, हिला भाऊ न्हाय, ववाळ गं मला." तबक कुठलं, घमेल्यातच दिवा लावला म्या. ववाळलं. ववाळणीत टाकायला तुमच्यापाशी काय बी न्हवतं. खिसं उलटं केलं, हासू आलं समद्यांला. मग वाकून भरावावरची मूठभर माती घेतलीव आन् घमेल्यात टाकलीव. "अक्के, ही घे ववाळणी. हितं पाणी आणीन तवा फिटंल." बायका रडल्या. कोरड्या दुष्काळात त्यांच्या डोळ्याला पाणी कुठनं आलं कुणाला ठावं.

त्ये मूठ उचलणं खरं व्हतं. त्ये मातर म्या उघड्या डोळ्यानं बघितलं.

त्या मातीचं काय केलं ठावं हाय? न्हाय... ते ऱ्हाऊ द्या. त्ये सांगायचं न्हवतं.

राजीनाम्याचं सांगती. पोळा नुकता झाल्याला. गफार फाट्यावनं पळत आला, पायात चप्पल न्हाय. "मावशी, रेडिओला सांगितलं, आपल्या आबानं राजीनामा दिला!" आता मला सांगा, आमाला काय वाटावं? पाच वर्सं झाली नव्हती, धड निम्मी बी न्हाय. कुणी काढलं न्हाय, पडला न्हाय, सवताहून दिला. का दिला असंल? आमी पारावर बसलो, इचार केला आन् आमाला कळलं! — आवो, सरकार तलाव देईना, म्हणून आबानं खुर्ची फेकली सरकारच्या तोंडावर! दुसरं काय आसंल? ह्येच आसंल. ज्ञानोबा — माझा मालक कधी कुणाला बरं म्हणत न्हाय, त्यो बी म्हणला, "मर्द हाय तुझा भाऊ." म्या घरातला गूळ काढला. ढेपच काढली. घरोघर वाटला. "आमच्यापायी सोडली वो खुर्ची! तोंड गोड करा!" हलगी वाजली, पोरीबाळी नाचल्या. आमच्या दारात फुगडी झाली. हासू नका. न्हाय हासत? मग बरं. म्या मातर हासती कधी कधी, एकटी असताना. गावाला कुणी नागवलं तर गाव रडतं; आमी गूळ वाटला.

मग हळूहळू यायला लागलं. आज एक बोललं, उद्या दुसरं. मुंबईच्या सायेबासाठी जागा मोकळी केली. बरं, का केली? तर साखर कारखान्याची परवानगी पायजे व्हती. आबाराव चेरमन व्हणार. बरं, व्हऊ द्या, चांगलंच हाय की. पर कारखान्याला ऊस पायजे, उसाला पाणी पायजे, आन् मग म्हणं, तलाव सरकला! गायखोरीतनं खाली सरकला, कारखान्याच्या माळाकडं. आवो, बैल सरकतो, म्हस सरकती, तलाव कसा सरकतो? कुणाला इचारलं तर त्ये म्हणतंय, नकाशात सरकला. आमी टाकल्याली माती मातर तितंच हाय अजून, अर्धा भराव, शेरडं बसत्यात त्याच्यावर. तेवढी सरकवायची ऱ्हायली वाटतं.

माझा इस्वास न्हाय बसला. खरं सांगती, न्हाय बसला. म्या ज्ञानोबासंगं भांडले. म्हणलं म्या जाऊन तोंडानं इचारती. दसऱ्याला कारखान्याचं भूमिपूजन व्हतं. नवरात्र उठल्यालं, गळ्यात कवड्याची माळ, काखंत परडी, तशीच चालत गेले. मांडव केवढा, माणूस किती! तुमी सायेबाच्या बाजूला उभं. म्या गर्दीतनं वाट काढत काढत पार पुढं आले. तुमी मला बघितलं. बघितलं का न्हाय? न्हाय कसं — डोळ्याला डोळा लागला. म्या हात वर केला. तोंडातनं "आबा" निघणार, तेवढ्यात तुमी बाजूच्या एका पागोट्यावाल्याला म्हणलाव, "देवीची आराधीण हाय. जोगवा वाढा तिला."

जोगवा वाढा तिला.

सायेबानं मला हात जोडलं. पागोट्यावाल्यानं परडीत नोट टाकली आन् धक्का न लावता, लई अदबीनं, मला बाजूला केलं. आता म्या आराधीण, जोगवा मागणं माझा धरम, त्यात लाज कसली? पाच घरं मागती म्या मंगळवारी न् शुक्रवारी, कुणी पीठ घालतं कुणी मीठ. पर आबा, भाऊ चोळी देतो. जोगवा परका देतो. ह्ये बी तुमाला सांगाय पायजे व्हय? आन् जोगव्याला न्हाय म्हणता येत न्हाय. परडीत पडलं ते आईचं. म्हणून घेतली ती नोट. देवळात तेल घातलं त्याचं. घरी आल्यावर ज्ञानोबानं इचारलं, भेटला का भाऊ? म्या म्हणलं, लई गर्दी व्हती, गाठ पडली न्हाय. खोटं बोलले. तुमची इज्जत झाकाय बोलले. अजून त्याला ठावं न्हाय, आज तुमाला सांगितलं ते पयलं.

आन् त्यावर कडी केली ती तालुक्याला, भूमला. दिवाळी झाली आन् तुमची सभा भूमला, बाजाराच्या दिशी. गफार शेरडं घेऊन गेला व्हता बाजाराला, त्यो ऐकाय थांबला. कुणीतरी इचारलं म्हणं सभेत, आबाराव, तुमी भंडारा उचलला व्हता, त्याचं काय? आन् तुमी मायीकवर हासत हासत म्हणलाव, "मी उचललाच नव्हता. मी लावला होता. त्या गावचं कुणी असंल तर विचारा." लोक हासलं म्हणं. टाळ्या सुदीक पडल्या. गफार म्हणला, मावशी, मला शेरडं इकायचं ध्यानच ऱ्हायलं न्हाय, तसाच परत आलो.

तवा मला आठवलं. वजन किती हाललं व्हतं परडीचं — मुठीचं न्हवतं त्ये. बोटाचं व्हतं. समदं गाव मूठ भरत व्हतं, आन् तुमी एकट्यानं बोट बुडवलं. चुकून न्हवं. दुसरा कुणी असता तर चुकून म्हणले असते, शेरातला असता तर म्हणले असते ठावं नसंल बिचाऱ्याला. तुमाला ठावं व्हतं. म्हंजी त्याच दिशी, त्याच पारावर, आमी तुमच्या नावानं मुठी वर करत व्हतो तवाच तुमच्या मनात मागलं दार उघडं व्हतं. आबा, राजीनाम्याचं म्या सोसलं असतं. माणसाची मती फिरती, खुर्ची गोड असती, कुणी दाब दिला असंल, समदं सोसलं असतं. पर तू तवाच — माझ्या मांडीवरल्या परडीत, माझं डोळं मिटल्यालं बघून — आरं, म्या तुझ्यासाठी मिटलं व्हतं रं डोळं!

...

नगं, नगं. हात धरू नका. बसा तितंच.

आता काय चाललंय गावात, सांगू? टवाळी. गफारच्या हाटेलात चहा मागितला की इचारत्यात, लावू का उचलू? सोयरीक ठरवाय बसलं की पावणा इचारतो, लावताव का उचलताव? मागल्या आठवड्यात दोन जावा भांडल्या, कोंबडीवरनं, एवढंसं भांडण. पयलं असं काय झालं की माझ्या दारात यायचं, परडीवर हात ठिवायचा, खरं खोटं हितंच निघायचं. त्या दोघी माझ्या दारावनं तणतणत गेल्या न् थेट येरमाळ्याची येष्टी धरली. कोंबडीसाठी! येडाईच्या पायरीवर आण घेतली म्हणं. म्या दारातच व्हते. थोरली म्हणली, "वाईट वाटून घिऊ नगा पुतळाबाय, पर तुमी म्हणला व्हता ना, उचलला म्हणून." माझ्या सासूनं ही परडी माझ्या हातात दिली, तिला तिच्या सासूनं. तिघींच्या हातनं आल्याली परडी, आन् हिच्यावर कुणी हात ठिवत न्हाय आता. कोंबडीच्या भांडणाला सुदीक चालंना झाली. तुमी तलाव नेला ते समद्या गावाचं गेलं. माझं हे गेलं.

काय? सायेब चांगलं हाय? असंल की. माझं सायेबाशी काय वाकडं न्हाय, त्यांनी हात जोडलं मला, ओळख न पाळख. कारखान्यात पोरं लागतील? लागूं द्या. ऊस तोडाय जाणारी पोरं हितं राबतील, त्ये बी खरं. म्या काय आडवी येती का? पर मग गायखोरीची आण कशाला घ्यायची — न्हाय, घेतलीच न्हाय की तुमी. चुकले. घेतलीच न्हाय.

भाऊबीजंला... न्हाय, म्या काय वाट बघत न्हवते. उगं आपली पणती लावली व्हती, दारात कुत्रं येतं म्हणून. तबक? तबक मांडलं व्हतं, सणाचं मांडावं लागतंय. ज्ञानोबा म्हणला, कुणाची वाट बघतीस येडे, त्यो यायचा न्हाय. म्या म्हणलं, म्या कुठं बघती. तेल संपलं तवा उठले. आन् आज आलाव तुमी. दारात सावली पडली, बघते तर आबा! खरं सांगू? पयलं वाटलं, भाऊबीज चुकली म्हणून आला. काळीज असं उडालं माझं! मग तुमी बसलाव आन् पयला बोल काढलाव — अक्के, उद्याच्याला परडी काढ.

बरं. काढती.

बघताव काय? काढती म्हणलं. ही घ्या, ही बघा परडी. भंडारा हाय, ताजा हाय. गाव न्हाय हितं, हलगी न्हाय, मायीक न्हाय. तुमी आन् म्या. उचला. मूठ भरा, वर करा आन् एवढंच म्हणा — गायखोरीचा तलाव गायखोरीतच व्हईल. दुसरं काय बी नगं. सायेबाला मत द्या म्हणून म्या बारा वाड्या हिंडती, पायाची लाकडं करती, बोराटी माझ्या हातानं वढून काढती, ज्ञानोबा मारंल मला तर मारू दे. भूमला बोललाव त्ये बी इसरले. कारखान्यावरचं बी इसरले. तोंडातनं काढणार न्हाय पुन्यांदा. उचल. उचल रं आबा. औंदा म्या डोळं मिटणार न्हाय.

...

घाम कशाला आलाय? पाणी देऊ? ... आईच हाय, खाती का तुला? ... हां. घाल हात. घाल.

... बोट.

आबा, बोट बुडवलंस.

नगं लावू. ऐक माझं, नगं लावू, हात मागं घे, काय बी म्हणू नगंस, पर लावू नगंस रं —

लावलास.

...

बरं झालं. न्हाय, रडत न्हाय म्या, चुलीचा धूर हाय. चूल पेटली न्हाय? मग नसंल. उठा आता. ज्ञानोबा रानातनं यायची येळ झाली, आन् त्याच्या हातात इळा असतो. थांबा, असं मोकळ्या हातानं नगा जाऊ. आराधिणीच्या दारात मागाय आलं कुणी तर मोकळं धाडायची चाल न्हाय आमच्यात. उपरणं पसरा. पसरा म्हणलं ना. ह्या गाडग्यात... मघाशी सांगायची थांबले ती ही माती. घमेल्यातली. दर वर्षी नवरात्राचा घट हिच्यातच बसवती म्या, हिच्यातच धान पेरती. उगवतं बरं का, लई दाट उगवतं. औंदा बी बसवला. राजीनाम्याच्या पाठीमागनं बसवला, गाव शिव्या घालत असताना बसवला. हे बघा, ज्वारीची मुळं हायती अजून. धरा नीट. सगळीच देती.

ववाळणी माघारी न्हाय करत म्या, तसं समजू नका. ववाळणी भावाची असती. हा जोगवा हाय. न्हाय म्हणता येत न्हाय ह्याला.

आता वड्यानं नगा जाऊ. येशीतनं जावा, बोराटीतनं वाट काढा. फाट्यावर गफार भेटंल, इचारंल, काय दिलं पुतळामावशीनं. सांगा त्याला.

जावा आता, सायेब. जरा वाकून जावा. चौकट लागंल.